शबदाच्या माथ्यावरचा राग

२०२२च्या मे महिन्यात अकाल तख्ताने, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, गुरुद्वारांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीला सांगितलं, की अमृतसरच्या दरबार साहिबातल्या, म्हणजे सुवर्णमंदिरातल्या, कीर्तनातून हार्मोनियम टप्प्याटप्प्याने, तीन वर्षांत, बाहेर काढावी आणि तिच्या जागी रबाब, सरंदा, ताऊस, दिलरुबा ही तंतुवाद्यं परत आणावीत. त्यानंतर जो वाद सुरू झाला तो ऐकताना मला सतत एकच वाटत आलं आहे : इतक्या मोलाच्या गोष्टीवर माणसं इतकं वरवर कसं बोलू शकतात? एक बाजू म्हणते, पेटी इंग्रजांनी आणलेली, ती गेली की गुरूंच्या काळचं कीर्तन परत येईल. दुसरी बाजू म्हणते, बाणी, म्हणजे ग्रंथातले शब्द, तेवढी खरी; राग आणि वाद्य हा तिचा पोशाख; पोशाख कुठलाही चालतो, मन भरून आलं म्हणजे झालं. दोघांचा हेतू प्रामाणिक आहे. पण मूळ प्रश्नाला दोघंही हात लावत नाहीत.

गुरू ग्रंथ साहिबात शबदाच्या, म्हणजे पदाच्या, माथ्यावर ‘राग आसा’ असं लिहिलेलं असतं. ते दोन शब्द शबदाचा भाग आहेत की नाहीत, हा मूळ प्रश्न. माझं उत्तर स्पष्ट आहे : ते शबदाचा भाग आहेत, पहिल्या ओळीइतकेच. आणि तो मजकूर असेल, तर तो वाचू शकणारी, म्हणजे गाऊ शकणारी माणसं घडवणं हे पहिलं काम ठरतं. मांडीवर कोणतं वाद्य असावं याचा विचार त्यानंतरचा. आज उलटं चाललं आहे. वाद्यावर फतवे निघतात, राग शिकवण्यावर कुणी बोलत नाही.

मी शीख नाही. पण हे भांडण परक्याचं म्हणून मला सोडून देता येत नाही, कारण त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि तीही रागांच्या नावाखाली लावलेली आहेत. ज्या नांदेडात १७०८ साली गुरू गोबिंदसिंगांनी ग्रंथाला गुरूपद दिलं ते नांदेड आपलं आहे. तेव्हा मराठी माणसाने या वादात बोललं तर ते आगंतुकपणाचं ठरू नये.

सुरुवात ग्रंथाच्या रचनेपासूनच करायला हवी, कारण तिथेच निम्मं उत्तर आहे. १६०४ साली गुरू अर्जनांनी अमृतसरला हा ग्रंथ सिद्ध केला, भाई गुरदासांनी तो लिहून घेतला. आजच्या प्रतीला १४३० अंगं आहेत. शीख मंडळी पान म्हणत नाहीत, अंग म्हणतात. आरंभीची नित्यपाठाची बाणी संपली की चौदाव्या अंगावर सिरी राग सुरू होतो आणि थेट १३५३व्या अंगापर्यंत, जैजैवंती संपेपर्यंत, सगळा ग्रंथ ३१ रागांत विभागलेला आहे. शेवटचा जैजैवंती फक्त गुरू तेगबहादुरांनी वापरला. त्यांची बाणी पुढे गुरू गोबिंदसिंगांनी ग्रंथात आणली. आता विचार करा, संपादकासमोर पर्याय किती होते? कवीनुसार लावता आलं असतं. आपल्या गाथांसारखं विषयवार लावता आलं असतं : नाममहिमा, संतमहिमा, उपदेश. गुरू अर्जनांनी आधी राग धरला, रागाच्या पोटात रचनेचा प्रकार, त्याच्या पोटात गुरू, आणि शेवटी कबीर, नामदेव, रविदास, फरीद हे भक्त. ग्रंथ उघडणाऱ्याला आधी राग भेटतो, मग कवी. पोशाखाच्या रंगावरून कुणी माणसांची वंशावळ लावत नाही. राग हा नुसता पोशाख असता तर अख्ख्या ग्रंथाचा सांगाडा त्यावर उभा राहिला नसता.

याहून नेमका पुरावा आसा रागातच आहे. ग्रंथाच्या आरंभीच्या जपजी या गुरू नानकांच्या बाणीत एक पउडी, म्हणजे कडवं, आहे, सत्ताविसावी : ‘सो दरु केहा सो घरु केहा’. तुझं ते दार कसं असेल, ते घर कसं असेल, जिथे बसून तू सगळ्यांचा सांभाळ करतोस? जपजी गायची नाही, म्हणायची. तिच्यावर राग लिहिलेला नाही. तीच रचना थोड्याच पानांनी पुन्हा येते आणि या वेळी तिच्या माथ्यावर आसा लिहिलेला आहे. शब्द मात्र बदलले आहेत. ‘सो दरु तेरा केहा’. मध्ये ‘तेरा’ आला. पुढे ‘वाजे तेरे नाद’, पुढे ‘केते तेरे’. म्हणायच्या पाठात जो शब्द गरजेचा नव्हता तो गायच्या पाठात ठिकठिकाणी आला आहे. त्या एका शब्दाने ओळीला श्वास घ्यायला जागा मिळते आणि वर्णनाचं संबोधन होतं; ‘ते दार’ हे ‘तुझं दार’ होतं. पुढे ३४७व्या अंगावर आसा राग जिथे रीतसर सुरू होतो, तिथे हाच सोदर सगळ्यात आधी तिसऱ्यांदा येतो. एकच रचना, एकदा पठणासाठी आणि दोनदा गाण्यासाठी, आणि दोन्हींचा मजकूर वेगळा. राग शब्दांच्या आत शिरल्याचा यापेक्षा उघड पुरावा कोणता हवा? आणि त्या दाराशी काय चाललंय म्हणून गुरू नानक सांगतात? असंख्य नाद वाजताहेत, कितीतरी राग आपल्या रागिण्यांसह गायले जाताहेत, कितीतरी गाणारे आहेत. देवाच्या दाराचं वर्णन करायला घेतलं आणि पहिल्यांदा ऐकू आलं ते गाणं.

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं. ते ग्रंथातूनच येतं, म्हणून त्याला मान दिलाच पाहिजे. १४२३व्या अंगावर गुरू रामदास म्हणतात, सगळ्या रागांत तोच चांगला ज्याने तो मनात येऊन वसतो. तो राग आणि नाद यांच्या पलीकडचा आहे, त्यांच्याने त्याचा हुकूम उमगत नाही. आणि खुद्द ‘आसा दी वार’ या दीर्घ रचनेत, जी दरबार साहिबात रोज पहाटे गायली जाते, गुरू नानकांनी त्या काळच्या रासधाऱ्यांचं जळजळीत चित्र काढलं आहे : चेले वाजवतात, गुरू नाचतात, पाय हलवतात, डोकी फिरवतात, धूळ उडून केसांत बसते, लोक बघतात, हसतात, घरी जातात. ‘रोटीआ कारणि पूरहि ताल’. भाकरीसाठी ताल धरतात. मग, विरुद्ध बाजू विचारते, गुरूंनीच सुरांना एवढं महत्त्व दिलं नसताना तुम्ही रागाचा आग्रह कसला धरता? सुरेल पण कोरडा रागी, म्हणजे कीर्तन गाणारा, बरा, की बेसूर पण डोळ्यांत पाणी आणणारा?

प्रश्न खरा आहे आणि त्याचं निम्मं उत्तर मला मान्य आहे. राग हे साधन आहे, पोचण्याचं ठिकाण नव्हे. कीर्तनाची मैफल झाली, तानांवर वाहवा घेतली, की आसा दी वारच्या त्या सलोकातला रासधारी आपणच झालो. पण तो सलोक नीट ऐका. तो कुठे आला आहे? गायच्या बाणीत, आसा रागात, एका वारेच्या मधोमध. संगीताचा धिक्कार करायचा असता तर गुरू नानक तो गात कशाला बसले असते, आणि शेजारी त्यांचा सोबती भाई मरदाना रबाब घेऊन कशाला असता? टीका पोटार्थी तालावर आहे, तालावर नाही. गुरू रामदासांची ओळही तशीच. ‘रागांत तो चांगला’ असं म्हणणारा रागांमधून निवड करायला सांगतो, राग टाकायला सांगत नाही. त्याच सलोकात ‘राग नाद सभु सचु है’ असंही आहे. ते शब्द वगळून उरलेली ओळ फिरवणं ही या वादातली एक लबाडी आहे, आणि ती मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ज्ञानेश्वरीतून अर्धी ओवी काढून हवा तो सिद्धान्त सिद्ध करणारे आपल्याकडेही कमी नाहीत, म्हणून ही लबाडी मला लगेच ओळखू येते.

पण रागाच्या बाजूने बोलणारेही काही कमी नुकसान करत नाहीत. त्यांचं एक आवडतं कोष्टक आहे : अमुक राग म्हणजे आनंद, अमुक म्हणजे वैराग्य, आणि आसा म्हणजे अर्थातच आशा. नावावरून ठरवलेला अर्थ. असली कोष्टकं मुलांना वाटली जातात आणि ऐकायला गोड वाटतात, पण ग्रंथ उघडला की ती मोडून पडतात. बाबराच्या स्वारीवरची गुरू नानकांची जी चार पदं बाबरवाणी म्हणून ओळखली जातात, त्यांतली तीन आसा रागात आहेत. ज्यांच्या भांगात सिंदूर शोभत होता त्या स्त्रियांचे केस कातरले गेले, गळ्यांत धूळ गेली; कुठे गेले ते खेळ, ते तबेले, ते घोडे? एवढी मार पडली, एवढा आक्रोश झाला, तुला कळवळा आला नाही का, असं देवालाच विचारणारं ‘खुरासान खसमाना कीआ’ हे पद आसातलंच. त्याच आसात लहान मुलाच्या धुळाक्षरांवर रचलेली ‘पट्टी’ नावाची बाणी आहे. त्याच आसातल्या वारेत, जिच्या पोटी राजे जन्मतात तिला वाईट का म्हणावं, हा बाईच्या बाजूने विचारलेला सवाल आहे. त्याच आसात नामदेवांनी कर्मकांडाला लावलेली कात्री आहे. ही सगळी ‘आशा’ आहे? एक राग म्हणजे एक भावना, इतका सोपा हिशेब आपलं कुठलंच रागसंगीत मानत नाही. राग ही एक भूमी असते. तिच्यावर पेरणीही होते आणि लढाईही होते.

या भूमीचा स्वभाव मात्र ओळखता येतो. आसा आज मैफलीत क्वचितच ऐकू येतो, म्हणून मराठी वाचकासाठी थोडं सांगतो. स्वर सगळे शुद्ध. चढताना सा रे म प ध सां, गंधार-निषाद वगळून. नुसता आरोह ऐकला तर आपल्याला दुर्गा आठवेल. उतरताना मात्र सातही स्वर येतात आणि गंधारावरून वळणं घेत षड्जावर येताना मांडाची, लोकगीताची छाया पडते. मध्यमावरचा ठेहराव हा त्याचा जीव. चढणं सरळ आणि उतरणं वळणाचं, म्हणून तो राग एकाच वेळी गंभीरही वाटतो आणि घरचाही. वेळाही त्याच्या दोन : पहाटे आसा दी वार, सांजेला सोदर. दिवसाची दोन्ही टोकं एकाच रागाने बांधायची, ही योजना ज्यांनी केली त्यांना सुराची आणि माणसाच्या दिवसाची दोन्हींची जाण होती.

‘घरचा’ म्हटलं ते मुद्दाम. कारण राग म्हटला की संगत, म्हणजे जमलेले भाविक, मुकी होते, असा एक आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. गुरुद्वारात येणारा दुकानदार, ट्रकचालक, शाळकरी मुलगी यांना आरोह-अवरोहाशी काय देणंघेणं? त्यांना सोबत गाता आलं पाहिजे. कीर्तन हे ऐकणाऱ्यांचं आहे, तज्ज्ञांचं नाही. मान्य. पण राग म्हणजे शास्त्रीय, शास्त्रीय म्हणजे लोकांपासून तुटलेलं, हे समीकरण आपल्या मैफलींनी आपल्याला शिकवलं. ग्रंथाला ते माहीत नाही. वडहंस रागात लग्नाच्या ‘घोडिआं’ आहेत आणि त्याच रागात मयताच्या ‘अलाहणिआं’. वार हा तर भाटांनी रणांगणाच्या गोष्टी गायचा प्रकार. ग्रंथात बावीस वारा आहेत आणि त्यांतल्या नऊ वारांवर कुठल्या लोकप्रिय पोवाड्याच्या चालीत त्या गायच्या हेही लिहून ठेवलं आहे. आसा दी वारवरची सूचना आहे ‘टुंडे अस राजै की धुनी’ : हात तोडलेल्या असराज राजाची जी गोष्ट लोक गातात, तिच्या चालीवर. मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल : अमुक’ असं लिहिलेलं असायचं, आणि ती चाल कधी लावणीची, कधी कानडी पदाची असायची. राग आणि लोकांची चाल एकाच ओळीत नांदत. चारशे वर्षांपूर्वी अमृतसरला तेच झालं.

म्हणून आसा दी वारची चौकी, म्हणजे कीर्तनाची बैठक, ही या वादावरची सगळ्यात चांगली साक्ष आहे. गुरू रामदासांचा छंत, म्हणजे गेय कडवं, सुरांत खुलवला जातो, मग सलोक येतात, मग जोडी या तालवाद्याच्या ठेक्यावर पउडी सुरू होते, जिच्यात लोकगाण्याचा जोम आहे आणि जिला साथ द्यायला कुणाला शिकवावं लागत नाही. चोवीस पउड्या, चोवीस छंत. संथ आणि जोमदार, जाणत्याचं आणि सगळ्यांचं, आळीपाळीने. संगतीला गाता यावं म्हणून सिनेमाची चाल आणावी लागते, असं म्हणणाऱ्यांनी हे उत्तर द्यावं : चालीची सोय ग्रंथातच असताना ती बाहेरून उसनी का आणायची? सिनेमाच्या चालीत शबद ऐकताना मनात मूळ गाण्याचे शब्द वाजत राहतात. माझ्याच शहरातल्या एका गुरुद्वारात मी हे अनुभवलं. शबद कबीरांचा होता आणि मला आठवत राहिली ती नायिका. त्यात रागीचा दोष किती आणि माझ्या कानाचा किती हे मी सांगू शकत नाही, पण कबीर त्या दिवशी माझ्यापर्यंत पोचले नाहीत एवढं खरं. १९४५ साली मान्य झालेल्या शीख रहित मर्यादेत, म्हणजे पंथाच्या आचारसंहितेत, कीर्तनाची व्याख्याच मुळी ‘गुरबाणी रागांत गाणं’ अशी केली आहे, आणि शबदाबाहेरच्या मनगढंत ओळी जोडून गाणं अनुचित म्हटलं आहे. ध्रुवपद हवं तर शबदातलंच ‘रहाउ’ घ्या. म्हणजे पुन्हा तेच : गाण्याची सोय आतच आहे.

आता पेटीकडे येऊ. पेटीविरुद्धचा एक मुद्दा अगदी फोल आणि एक अगदी खरा आहे. फोल मुद्दा परकेपणाचा. हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये घडली, आणि मांडी घालून एका हाताने भाता ओढत वाजवायची पेटी द्वारकानाथ घोष यांच्या कलकत्त्यातल्या कारखान्यात आकाराला आली. बरं, मग रबाब कुठली? नावच अरबी-फारसी आणि वाट खैबरखिंडीतून. मरदानाच्या या वाद्याला पंजाबने आपलं मानलं ते त्याच्या जन्मगावाकडे बघून नव्हे. परदेशी म्हणून वाद्य हाकलायचं ठरवलं तर पहिली गदा गुरू नानकांच्या सोबत्याच्या वाद्यावर येईल.

खरा मुद्दा वेगळा आहे आणि तो मला छळतो. पेटीवर मींड निघत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ज्याच्यात रागाचा अर्धा अर्थ असतो, ते तिला जमत नाही. तिचे स्वर समान अंतरांवर कापलेले असतात. तिचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा बोलतो, आणि आसाची सगळी माया गंधारावरून उतरण्यातच आहे. त्यात पेटी लवकर येते. दोन-चार महिन्यांत पट्ट्या सापडतात, गळा पट्ट्यांना चिकटतो, आणि माणूस मंचावर बसायला मोकळा होतो. दिलरुब्यावर नुसता सूर लागायलाच त्याहून जास्त दिवस जातात, आणि त्या दिवसांत कान तयार होतो. तंती साजांचा, म्हणजे तंतुवाद्यांचा, आग्रह धरणाऱ्यांची ही तक्रार खरी आहे. महाराष्ट्राने ती वेगळ्या वाटेने ओळखली होती. २२ श्रुतींची पेटी बनवण्याचा ध्यास डॉ. विद्याधर ओकांनी घेतला तो याच खटकण्यातून.

मग बंदी घालावी? इतिहासात ही बंदी एकदा घालून झाली आहे. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियम आपल्या केंद्रांवरून हद्दपार केली. पेटी भारतीय संगीताला मारक आहे हेच कारण होतं. बंदी १९७१पर्यंत टिकली. त्या तीन दशकांत पेटी संपली? ती मैफलींत राहिली, नाटकांत राहिली, भजनी मंडळांत राहिली, गुरुद्वारांत तर घट्ट बसली. आणि त्याच काळात आपल्याकडे अप्पा जळगावकरांसारखे वादक तयार झाले, ज्यांच्या साथीने भीमसेनजींचा राग उणा झाला नाही. हुकमाने वाद्य दिसेनासं होतं, कान मात्र सुधारत नाहीत. उलट बाजूने पाहा : भाई निर्मलसिंग खालसा, ज्यांना २००९ साली पद्मश्री मिळाली आणि ज्यांना आपण २०२०च्या एप्रिलमध्ये करोनात गमावलं, ते दरबार साहिबाचे हजुरी रागी. ग्रंथातल्या रागांवर त्यांचा जो अधिकार होता तो सगळ्या पंथाने मानला. समोर पेटीच असायची. राग त्यांच्या गळ्यात होता, पेटी फक्त मागे उभी होती. आणि उद्या कुणी ताऊसावर सिनेमाची चाल वाजवली तर ताऊसाची तार त्याला अडवणार आहे का?

शुद्ध, सोळाव्या शतकातला राग परत आणू असं जे म्हणतात त्यांना इतिहास साथ देत नाही. आपली शुद्ध स्वरांची कल्पनाच बदलत आलेली आहे. सतराव्या शतकात अहोबल या संगीतशास्त्रकाराने ज्याला शुद्ध सप्तक म्हटलं ते आजच्या काफीजवळचं होतं. बिलावल हे शुद्ध सप्तक नंतर रूढ झालं, हे भातखंड्यांनी दाखवून दिलं. जमीनच सरकली असताना गुरू नानकांचा आसा स्वरास्वराने हाच होता, अशी शपथ कुणी घ्यावी? ‘घरु’ या शब्दापुढे ग्रंथात आकडे आहेत, एकपासून सतरापर्यंत. ते तालाचे की आणखी कशाचे यावर जाणत्यांचं आजही एकमत नाही. पण म्हणून सगळं सोडून द्यायचं? परंपरा म्हणजे जुन्या वस्तूची हुबेहूब नक्कल असती तर कुठलीच परंपरा जिवंत राहिली नसती. आसा गळ्यातून गळ्यात आला, येताना थोडा बदलला, पण तुटला नाही. जिवंत धागा हीच त्याची शुद्धता.

धागा तुटण्याची वेळ एकदा आली होती, आणि तेव्हा पेटीचा दोष नव्हता. मरदानाच्या परंपरेतले मुसलमान गायक, ज्यांना रबाबी म्हणत, फाळणीपर्यंत दरबार साहिबात गात. सत्ता आणि बलवंड या रबाबींची रामकलीतली वार तर ग्रंथातच आहे. ज्यांनी गायलं त्यांचे शब्द गुरूंच्या शब्दांशेजारी बसले. १९४७ने ही घराणी सरहद्दीपलीकडे ढकलली, आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या चाली, पउड्यांचे ठेके, रागांची वळणं त्यांच्याबरोबर गेली. संगतीत कीर्तन शीखच करू शकतो, हे रहित मर्यादेत आधीच ठरलेलं होतं. महंतांच्या हातून गुरुद्वारे सोडवून घेतल्यानंतरच्या काळात पंथाला आपली शिस्त बांधावीशी वाटली हे मी समजू शकतो. पण जे गेलं त्याचा हिशेब मांडताना बोट हार्मोनियमकडे दाखवणं हे दुःख चुकीच्या दारात नेऊन ठेवणं आहे. लाहोरच्या बाजूला गेलेल्या त्या माणसांच्या आठवणीतून पंजाबी जाणकारांनी पुढे जे जमेल ते गोळा केलं. भाई अवतारसिंग आणि भाई गुरचरणसिंग या बंधूंनी आपल्या घराण्याच्या जुन्या रीती स्वरलिपीत बांधल्या आणि पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाने १९७९मध्ये त्या छापल्या. १९९१ साली लुधियानाजवळच्या जवद्दी इथे संत सुचासिंगांनी सगळे राग गायला लावणारं संमेलन भरवलं. हे काम फतव्याने झालं नाही. माणसांनी बसून, ऐकून, लिहून, शिकवून केलं.

आज तेच मागायला हवं. दरबार साहिबात दिवसाला सुमारे वीस तास कीर्तन चालतं. जगातल्या कुठल्याही धर्मस्थानाने संगीतावर एवढा वेळ ओतलेला मला माहीत नाही. त्या वीस तासांत बसणाऱ्या तरुण रागीला रियाजासाठी किती तास मिळतात? शिकताना त्याचं पोट कोण भरतं? छोट्या गावातला गुरुद्वारा त्याला पगार देताना राग येतो की नाही हे विचारतो, की आवाज मोठा आहे का एवढंच? पहाटेच्या चौकीत त्याने मध्यमावर थांबून गंधारावर उतरायला दोन मिनिटं जास्त घेतली, तर समितीतलं कुणी घड्याळ दाखवतं का? दिलरुबा विकत घेणं सोपं आहे. दिलरुब्यावर सूर लागेपर्यंतची वर्षं विकत घेणं हा खरा खर्च आहे, आणि सेवेसाठी हात कधी आखडता न घेणाऱ्या या समाजाला तो झेपणारा आहे. तंती साज जरूर यावेत. मला ते हवे आहेत, मनापासून. शिकून आलेल्या हातांत यावेत. तोवर ज्याच्या गळ्यात आसा आहे त्याच्या पुढची पेटी कुणी ओढून घेऊ नये.

४८५व्या अंगावर ‘आसा बाणी स्री नामदेउ जी की’ असं शीर्षक आहे. खाली एक पद आहे, ‘आनीले कुंभ भराईले ऊदक’. आणिले, भरविले, मराठी कानाला ती क्रियापदं लगेच ओळखू येतात. देवाच्या स्नानाला घागर भरून आणली, पण पाण्यात बेचाळीस लाख जीव आधीच राहताहेत, मग विठ्ठलाला पुन्हा काय न्हाऊ घालू? फुलं आणली तर भुंग्याने आधी वास घेतलेला, दूध आणलं तर वासराने आधी तोंड लावलेलं. रहाउची ओळ म्हणते, जिथे जाईन तिथे विठ्ठल. आणि शेवटी ‘ईभै बीठलु ऊभै बीठलु’. नामदेवांनी हे कोणत्या सुरात म्हटलं असेल कोण जाणे. गुरू अर्जनांनी त्याच्या माथ्यावर आसा लिहिला. ते पद मला एकदा आसातच ऐकायचं आहे, रहाउवर संगत साथ देतेय, मध्यमावर रागी थांबतोय आणि त्याला कुणी घाई करत नाही, असं.